चांगली बातमी सांगणारा

दार उघडणाऱ्या म्हातारीने त्याच्या तोंडाकडे धड पाहिलंही नाही. "आलात एकदाचे," ती म्हणाली आणि पाठ फिरवून आत चालू लागली. आठ महिन्यांत त्याला कुणी असं म्हटलं नव्हतं. धर्मप्रचारक म्हणून या परक्या शहरात पाठवल्यापासून त्याने शेकड्यांनी दारं वाजवली होती, आणि दारांचे जितके म्हणून प्रकार असतात तितके त्याचे बघून झाले होते. साखळी न काढता बोटभर उघडणारी, आतूनच 'नको' म्हणणारी, भोकातून बघून श्वास रोखून धरणारी. 'आलात एकदाचे' म्हणणारं दार हे पहिलंच. जोडीदार दुसऱ्या मजल्यावर एका पेन्शनर मास्तरच्या तावडीत सापडला होता. दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही असा नियम होता, पण मास्तर सोडीना, म्हणून जोडीदाराने डोळ्यांनीच 'तू हो पुढे' अशी खूण केली होती. तो म्हातारीच्या मागोमाग गेला. अरुंद बोळ, शिलाई मशीन, मशीनवर अर्धवट शिवलेला पडदा, मग एक खोली. पलंगावर एक म्हातारा झोपला होता. दाढ दुखणारा माणूस बांधतो तसा त्याच्या हनुवटीखालून डोक्यावर रुमाल बांधला होता, आणि तो झोपलेला नव्हता.

"जरा पाय धरा," म्हातारी म्हणाली. "माझ्याच्याने मोजे चढत नाहीत."

त्याने पाय धरले. दुसरं काय करायचं ते त्याला सुचलं नाही. पाय थंड होते, पण त्याला भीती होती तसे नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखे, रोज सहज हात लागणाऱ्या कुठल्याही वस्तूसारखे. नखं नीट कापलेली होती. "शनिवारीच कापली मी," ती म्हणाली, जणू त्याने विचारलं होतं. एक मोजा चढला, दुसरा चढला, टाचेपाशी ती जरा थांबून दम खायची. मग तिने वर बघून विचारलं, "तुमच्याबरोबरचा दुसरा कुठाय? आणि स्ट्रेचर?" तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. काळी पँट, पांढरा शर्ट, काळा टाय. ती त्याला अंत्यविधीच्या कचेरीतला माणूस समजली होती. मी तो नव्हे, एवढंच सांगायचं होतं. पण या भाषेतली चाळीसेक वाक्यं त्याला तोंडपाठ होती, आणि त्यांतलं एकही अशा वेळचं नव्हतं. त्याने तोंड उघडलं आणि जीभ सवयीच्या वाटेने सुटली. "नमस्कार. तुमची पाच मिनिटं मिळाली तर एक चांगली बातमी सांगायची होती."

म्हातारीने आता पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. शर्टाच्या खिशावरची पट्टी वाचली. मग ती पलंगाच्या कडेला बसली, नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सांगा." त्यात टोमणा नव्हता. ती खरोखरच वाट बघत होती. तिच्या कपाळावर केसांची एक बट घामाने चिकटली होती, खिडकीच्या काचेवर माशी गुणगुणत होती, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि हे सगळं थांबून त्याच्या बातमीकडे कान लावून बसलं आहे असं त्याला वाटलं. पुढचं वाक्य त्याला येत होतं. त्याच्या पुढचंही. पण बाहेर पडलं ते वाक्य नव्हे. बावीस वर्षांचा घोडा, परक्या घरात, परक्या मड्याचे पाय धरून तो ढसाढसा रडला. म्हातारी उठली, पाण्याचा ग्लास घेऊन आली. "घे," ती म्हणाली. 'घ्या' नव्हे, 'घे'. त्याच वेळी बेल वाजली आणि खरी माणसं आली.

जोडीदाराला त्याने जिन्यातच सगळं सांगितलं. रडल्याचं तेवढं गाळलं. जोडीदार त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा, त्याच्याच देशाचा, अंगाने भरलेला, हसतमुख. रोज पहाटे उठून न चुकता प्रार्थना करणारा आणि केस विंचरताना भजन गुणगुणणारा. वाईट माणूस नव्हता, आणि हीच तर पंचाईत होती. मंगळवारी सकाळी, दोन लोखंडी खाटांच्या त्या खोलीत, तो आठवड्याचा अहवाल लिहायला बसला आणि म्हणाला, "अरे, आठ महिन्यांत तुला आपणहून आत घेतलेलं पहिलं घर! आणि तू तोंड पाडून काय बसलायस? बाई एकटी आहे. दुःखात आहे. अशाच वेळी माणसाचे कान उघडे असतात."

"तिने मला घेतलं नाही आत. ती दुसऱ्या कुणालातरी आत घेत होती."

"तेच तर! तुला काय वाटतं, हे असंच झालं?"

त्याला काहीच वाटत नव्हतं. म्हणजे, वाटत होतं ते हातांत होतं. तळहातांना अजून त्या टाचा लागत होत्या. आईचे पाय त्याने शेवटचे कधी पाहिले होते? निघताना वाकून पाया पडला तेव्हा तिच्या पायांत चपला होत्या, आणि घाईघाईने वाकताना त्याचं लक्ष बॅगेच्या चेनकडे होतं. चेन अडकत होती. आई म्हणाली होती, "तिकडे पाणी उकळून पी." तो इथे आल्यावर तिसऱ्या महिन्यात बाबांचा फोन आला. बाबा गावच्या चर्चचे, म्हणजे मंडळीचे, पाळक. साध्या बोलण्यातही त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. "आई प्रभूकडे गेली," ते म्हणाले. "जाताना तिचं शेवटचं वाक्य होतं, त्याला तिथेच राहू दे, त्याचं काम मोठं आहे. तेव्हा तू निघू नकोस." तो निघाला नाही. पुढे इथल्या मिशनच्या प्रमुखांच्या सल्ल्यावरून ते वाक्य त्याच्या साक्षीत आलं. उपासनेला उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, ती साक्ष. जोडीदाराने ते या भाषेत करून दिलं, त्याने घोकलं, आणि नवल असं की दुसऱ्या कुठल्याही वाक्यापेक्षा ते त्याला सफाईने यायला लागलं. दारातली माणसं बाकी काही ऐकत नसत, पण त्या वाक्याला थबकत. एकदा एका बाईने डोळे पुसले होते. खाली उतरताना जोडीदाराने त्याच्या पाठीवर थाप मारली होती, आणि त्याला, खोटं कशाला बोला, बरं वाटलं होतं. परीक्षेत अवघड प्रश्न सुटल्यावर वाटतं तसं.

बुधवारी दोघं तिच्याकडे गेले. तिला मुलंबाळं नव्हतीच. शेजारणी येऊन गेल्या असाव्यात, टेबलावर झाकलेली भांडी होती. पलंगावरची गादी गुंडाळून उभी केली होती. म्हातारीने दोघांना बसवलं आणि जोडीदार बोलू लागला, छान बोलला, आवाज खाली ठेवून, मध्ये मध्ये थांबून. ती पडद्याच्या कडेची टीप उसवत ऐकत होती. ती पडद्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची, तीस वर्षं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा.

"आयुष्यभर लोकांना वर पोचवत राहिला," ती मध्येच म्हणाली, "आणि स्वतः घर घेतलं ते चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. मी म्हणायचे, तुझ्यासारखा तूच." ती हसली. हसता हसता तिने त्याच्याकडे बोट केलं. "हा का बोलत नाही?"

"भाषा अजून कच्ची आहे त्याची," जोडीदार म्हणाला. "पण दुःख म्हणजे काय ते त्याला ठाऊक आहे, आजी." आणि त्याने याच्या आईचं सांगितलं. फोन, शेवटचं वाक्य, सगळं. आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याला आपण दुकानाच्या काचेत उभे आहोत असं वाटलं.

म्हातारीची सुई थांबली. "आणि तू गेला नाहीस?" तिने सरळ त्याला विचारलं.

"नाही."

"का?"

"कारण देवाचं—" जोडीदार सुरू झाला.

"त्याला विचारतेय मी."

हे एवढंसं 'का' त्याला कळत होतं. पहिल्या धड्यातला शब्द. पण उत्तर कुठल्याच धड्यात नव्हतं आणि मायबोलीतही नव्हतं. ती पुन्हा टीप उसवू लागली. निघताना जोडीदाराने तिला रविवारच्या उपासनेचं आमंत्रण दिलं. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

गुरुवारी दुपारी घरचा फोन. आठवड्यातून एकदा, अर्धा तास. ताईच असायची. बाबांना सभा असायची. ताईचं बोलणं म्हणजे नळाला पाणी, शेजारच्यांचं भांडण, तिच्या सासूचं पथ्य. आज तिचं कशातच लक्ष नव्हतं. तो बोलत होता आणि ती "हं, हं" करत होती.

"ताई, काय झालं?"

"काही नाही." मग, "बाबांनी मंडळीच्या मासिकात आईवर लिहिलंय. ते शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात. लोक घरी येऊन माझे हात धरतात. तुला एक सांगू? आई तसं काही बोललीच नव्हती रे."

तो खुर्चीवर बसला होता, तरी खुर्ची शोधावी तसा त्याचा हात मागे गेला. "मग काय बोलली?"

"शेवटचे दोन दिवस ती कुणाला ओळखतच नव्हती. पाणी मागायची, आणि खिडकी लाव म्हणायची. खिडकी बंदच होती."

"माझं काही?"

ताईच्या मागे कुणीतरी भांडी घासत होतं. "त्याच्याआधी, महिनाभर आधी. शुद्धीवर होती चांगली. म्हणाली, त्याला बोलावून घे. दोनदा म्हणाली. बाबा म्हणाले, एकदा निघाला तर परत जायचा नाही. मग मी पण नाही कळवलं."

"आता का सांगतेस?"

"मला एकटीला झेपत नाही रे," ताई म्हणाली आणि रडायला लागली. त्यालाच तिची समजूत घालावी लागली. घातली त्याने. अर्धा तास संपेपर्यंत घातली. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की ताईचा आवाज शेवटी हलका झाला होता. डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवल्यासारखा. ते आता इथे होतं.

त्याला वाटलं होतं की विश्वास जातो तेव्हा काहीतरी कोसळतं, माणूस ओरडतो, निदान रात्रभर तळमळतो. तसं काही झालं नाही. तो गाढ झोपला. शुक्रवारी सकाळी गुडघे टेकले तेव्हा शब्द आले सगळे, पण तापात तोंडाची चव जावी तसे. घास आत जातो, दात चावतात, आणि जिभेला काही कळत नाही. बाबांचा राग यावा म्हणून त्याने प्रयत्न करून पाहिला. बाबांचा चेहरा समोर आणला. तर चेहरा आला तो लहानपणचा, त्याला खांद्यावर बसवून चर्चची घंटा वाजवायला देणारा. या माणसाने खोटं सांगितलं होतं, आणि त्या खोट्याने त्याला पाच महिने उभं ठेवलं होतं, हेही खरं होतं. आता तो कशाच्या आधारावर उभा होता? दिवसभरात त्यांनी नव्या वसाहतीतल्या तीन इमारती केल्या. एका दारात त्याची पाळी आली. दार उघडलं, टॉवेल गुंडाळलेला माणूस म्हणाला, "हं?" आणि तो नुसता बघत राहिला. टॉवेलवर निळे पट्टे होते. माणसाने आणखी एकदा "हं?" केलं आणि दार लावलं. जोडीदार काही बोलला नाही. फुटपाथवर आल्यावर त्याने खिशातून लिमलेटची गोळी काढून याच्या हातावर ठेवली. तो चांगुलपणा त्याला सोसवेना. सांगून टाकावं असं ओठांवर आलं, पण मग ते ओझं त्या हसऱ्या माणसाच्या डोक्यावर गेलं असतं. त्याने गोळी तोंडात टाकली आणि पुढचा जिना चढला. शनिवारी खुर्च्या पुसल्या. चाळीस खुर्च्या होत्या. माणसं यायची दहा-बारा.

उपासनेची जागा म्हणजे टायरच्या दुकानावरचा हॉल. रविवारीही रबराचा वास जात नसे. गाणं चालू असताना म्हातारी आली, करड्या कोटात, आणि शेवटच्या रांगेत बसली. जोडीदाराने त्याला कोपराने ढोसलं. साक्षीची वेळ झाली तेव्हा तो उठला, पुढे गेला, सुरुवात केली. मी घर सोडून इथे आलो. तिसऱ्या महिन्यात माझी आई वारली. पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं, घोटून घोटून गुळगुळीत झालेलं. दहा-बारा चेहरे ते येण्याची वाट बघत होते. त्यांनी ते आधी ऐकलं होतं. "माझी आई वारली," तो पुन्हा म्हणाला आणि जागेवर येऊन बसला. जोडीदाराने घाईघाईने गाणं सुरू केलं.

चहाच्या वेळी म्हातारीने त्याला जिन्यापाशी गाठलं. "तूच सांग," ती म्हणाली. "तो दुसरा नको. तो फार छान बोलतो. माझी आणि माझ्या नवऱ्याची परत भेट होईल?"

ती रडत नव्हती. बस किती वाजता आहे असं विचारावं तसं विचारत होती. जवळून तिच्या कोटाला कपाटाचा वास येत होता. तिच्या बोटांवर सुईचे जुने टोचे होते आणि एका हाताने तिने त्याची बाही धरली होती, सोमवारी नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता तितक्या सहज. त्याने मनात चाचपून पाहिलं. आत काही नव्हतं. हो नव्हतं, नाही नव्हतं. पण बाही धरलेली होती, आणि बाबांनीही फोनवर बहुधा असंच केलं असेल, दुसऱ्या टोकाला आपल्या मुलाचा श्वास ऐकत. "हो," तो म्हणाला. "नक्की होईल." आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा उच्चार तंतोतंत जमला.

शिवणीतला ताणलेला दोरा ओढून काढल्यावर कापड सैल पडतं, तसा तिचा चेहरा सैल पडला. "मग झालं तर," ती म्हणाली. "मग मी आता जगून काय करू इथे?" ती हसली, त्याचा हात थोपटला आणि या वयात न शोभणाऱ्या झपाट्याने जिना उतरून गेली.

कपातला चहा निवेपर्यंत तो तिथेच उभा होता. वाक्य त्याने पुन्हा जुळवून पाहिलं. ऐकण्यात चूक नव्हती, क्रियापद तेच होतं. आणि तिचं हसू सगळी आवराआवर झालेल्या माणसाचं होतं. त्याने कप कठड्यावर ठेवला आणि जिना उतरून धावत सुटला. "अरे, कुठे?" जोडीदार मागून ओरडला. तो थांबला नाही. सहा रस्ते, एक पूल, सिग्नल न बघता ओलांडलेला चौक. टाय खांद्यावर उडत होता. गॅस, खिडकी, चौथा मजला, गोळ्यांची बाटली, एकेक चित्र त्याच्या पुढे धावत होतं. आणि त्या सगळ्यांच्या तळाशी एक लाजिरवाणी गोष्ट होती, की किती दिवसांनी तो काहीतरी मनापासून करत होता.

चौथ्या मजल्यावरचं दार उघडंच होतं. बोळात खोकी मांडलेली होती. म्हातारी कोट न काढताच खाली बसून कप वर्तमानपत्रात गुंडाळत होती. त्याला बघून तिचा चेहरा फुलला. "तू? बरा आलास. ते वरचं खोकं—"

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. धाप लागली होती, शब्द तुटत होते. "भेटीचं. मला माहीत नाही. काहीच माहीत नाही. माझ्या आईने पण तसं म्हटलं नव्हतं. तुम्ही असं काही करू नका."

"काय करू नको?"

"मरू नका."

मग हळूहळू तिला उमगलं. तिने हातातला कप खाली ठेवला. "अरे पोरा," ती म्हणाली. लहान मुलाला समजावावं तसं एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. "मी बहिणीकडे जाणार होते. कायमची. ती कधीची बोलावतेय. इथे राहून काय करू, असं म्हटलं मी. या घरात."

राहणं आणि जगणं. या भाषेत दोन्हींना एकच क्रियापद होतं. त्याने ते शिकताना वहीत लिहूनही घेतलं होतं.

"सोमवारपासून पाय निघत नव्हता," ती सांगत होती, आता त्याला नव्हे, खोक्यांना. "तो या खोलीत गेला. मला वाटायचं, मी घर सोडलं तर तो इथे एकटा पडेल. मग आज तू हो म्हणालास. म्हटलं, भेटायचंच आहे तर भिंतींना काय धरून बसायचं? आल्या आल्या बहिणीला फोन केला. ती रडलीच आनंदाने."

"मग जा ना तुम्ही," तो म्हणाला. "जा. मी उगाच... मला नीट बोलता येत नाही. होईल भेट. खरंच होईल." उच्चार पुन्हा तिरपागडे झाले होते. त्याचे त्यालाच ऐकवेनात.

"राहू दे आता," ती म्हणाली. रागावली नव्हती. रागावली असती तर त्याला तेवढं तरी धरून उभं राहता आलं असतं. ती भिंतीला हात लावून उठली, खोलीच्या दारापर्यंत गेली, आत पाहिलं. गुंडाळून उभी केलेली गादी, खिडकी, भिंतीवर पलंग घासून पडलेला पट्टा. "म्हणजे तो एवढाच," ती म्हणाली. "इथलाच. मग मी कशी जाऊ?"

ती त्याला दारापर्यंत पोचवायला आली, पाहुण्याला पोचवतात तशी. "जा तू. तुझी माणसं वाट बघत असतील," ती म्हणाली, आणि दार आवाज न करता लावून घेतलं.

तो पायरीवर बसला. उतरून जायला हवं होतं, पण तो उतरला नाही. थोड्या वेळाने आतून कागद उलगडल्याचा आवाज आला, आणि फळीवर कप परत ठेवल्याचा. मग पुन्हा कागद. मग दुसरा कप.